वातीतलं पाणी

लांजा
१२ जानेवारी २०२५

सर्वेश,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच चुलीत घातलं असतंस, म्हणून पत्ता शमिकाकडून लिहून घेतला. बहिणीचं अक्षर बघून फोडलंस ना? फसलास. आता फोडलंच आहेस तर वाच.

तिच्यावर रागावू नकोस. तीन वर्षं मी तिच्या मेडिकलच्या दुकानात पित्ताच्या गोळ्या घ्यायला जातो आणि तीन वर्षं ती मला 'दादा बरा आहे' एवढंच सांगते. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलास हेही तिनेच सांगितलं. परवा मात्र ती जास्त बोलली. तू भुजला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात आहेस म्हणाली. भुज! अरे, तिथली कोरडी हवा म्हणजे आपल्या यंत्राचं माहेर. आपण मूर्खासारखे त्याला कोकणात नांदवायला निघालो होतो.

यंत्र अजून आहे. गंगारामशेठच्या काजू कारखान्यामागे, बॉयलरच्या चिमणीला लागून आपण उभारलेल्या त्याच शेडमध्ये, ताडपत्रीखाली. गेल्या आठवड्यात यंत्राला पैसे देणाऱ्या संस्थेची नवी मॅडम आली होती, अक्षया नावाची. तिने ताडपत्री वर करून विचारलं, "हे काय आहे?" मी तुझंच भाषण म्हणून दाखवलं. चिमणीची वाया जाणारी धग आणि छपरावरच्या काळ्या पत्र्यांची ऊब घेऊन हवा तापवायची. ती नळकांड्यात घ्यायची, दट्ट्या ओढून तिला पसरायला जागा द्यायची आणि ऐन त्याच वेळी पाण्याचा बारीक फवारा मारायचा. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता पितं, हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा दट्ट्याला आत ढकलते. त्या ढकलण्यातून वीज. "इंधन काय लागतं?" तिने विचारलं. मी तुझ्यासारखेच हात पसरून म्हणालो, "कपडे वाळायला काय लागतं?"

ती हसली. मग म्हणाली, "जुन्या अहवालात सर्वेश म्हणून नाव आहे, ते कोण?" मी म्हणालो, "होते एक."

हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलो. खोडत नाही.

शमिका म्हणाली की तंत्रनिकेतनातली वर्कशॉपची जागा तुला तिसऱ्यांदा नाकारली आणि तिन्ही वेळा त्या अहवालातल्या एका ओळीने घोळ केला. 'उत्पादनाचे आकडे नोंदवणाऱ्याच्या विश्वासार्हतेबद्दल शंका आहे.' ती ओळ मी लिहिली. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पण शमिकाला ठाऊक नसावं, कारण तिने मला गोळ्या दिल्या.

त्या बैठकीचं पुन्हा सांगत नाही. हवेतल्या ओलीची वही माझ्याकडे आणि विजेची तुझ्याकडे. माझ्या वहीप्रमाणे हवेत ओल इतकी होती, की फवारा पुरेसा उडणार नाही आणि यंत्र नव्वद वॅटच्या वर जाऊच शकत नव्हतं. तुझ्या वहीत रोज एकशे तीसच्या आसपास. मी संस्थेच्या तीन पाहुण्यांसमोर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि म्हणालो, "यातली एक खोटी आहे आणि ती माझी नाही." पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि तू एक शब्द बोलला नाहीस. डबा उचललास आणि निघून गेलास. निदान शिवी तरी द्यायची होतीस.

महरीन बहारीनला आमच्या मुलाकडे आहे. नातवाचं करायला सहा महिन्यांसाठी गेली, त्याला दीड वर्ष झालं. मी हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्याच खोलीत. दाभोळच्या घरी जायचं म्हणतो, पण तिथेही आता कुलूपच उघडायचं.

यंत्र पुन्हा चालवून बघणार आहे. एवढंच कळवायचं होतं.

अक्रम


लांजा
४ फेब्रुवारी २०२५

सर्वेश,

बस खाली आणि वाच. यंत्र चाललं! चिमणी गरम, छप्पर गरम, दुपारचे दोन. एकशे अठ्ठावीस वॅट. दोन दिवे, एक पंखा आणि वर माझा मोबाइल. तुझे आकडे खरे होते.

आता गंमत ऐक. सगळं क्रमाने सांगतो, कारण हेच मी संस्थेलाही लिहिलं आहे.

हवेतली ओल मोजायचं डिजिटल यंत्र काजूच्या धुराने चिकट होऊन मेलं, म्हणून आपण जुन्या पद्धतीने दोन तापमापक लावले होते. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळलेली आणि तिचं टोक खालच्या बाटलीतल्या पाण्यात. चिंधीतलं पाणी उडतं तसा तो तापमापक खाली उतरतो. दोघांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. फरक नाही म्हणजे हवा ओलीचिंब. त्या चिंधीला आपण काय म्हणायचो? वात.

यमुनाबाई आठवते ना, कारखाना झाडायला सगळ्यांच्या आधी येणारी? परवा मी तापमापक नव्याने लावत होतो, ती केरसुणी घेऊन दारात उभी. म्हणाली, "अक्रमभाय, ह्या वातीत आता पानीच ठेवायचा काय? तेल नको ना?"

मी म्हणालो, "कसलं तेल?"

"तवा मी घालायची ना ओ! तुमी बोल्लाव, सकाळी वात भिजलेली हाय काय बगत जा. बगते तर वातीत पानी! वातीत पानी कोन घालता काय? माला वाटला तुमी इसरलाव. मग मी ता पानी वतून टाकायची नि घरना आणून गोडा तेल घालायची. रोज. एक दीस चुकवला नाय."

सर्वेश, तेल उडत नाही! तेलातली वात कधी गार पडणार? म्हणून दोन्ही तापमापक जोडीने उभे राहायचे आणि मी वहीत पंच्याण्णव टक्के, शहाण्णव टक्के लिहीत बसायचो. फेब्रुवारीच्या दुपारी सड्याच्या माळावर वारा सुटलेला, माझे ओठ फुटलेले, आणि वहीत शहाण्णव टक्के! खरी ओल निम्मीसुद्धा नव्हती. एका म्हातारीने पुण्य म्हणून घातलेल्या तेलाने आपलं सगळं गणित बुडवलं. हसावं की रडावं?

तेव्हा चूक कोणाचीच नाही. तुझी नाही आणि माझीही नाही. एक शब्द आडवा आला इतकंच. संस्थेला लिहिलं आहे की ती ओळ काढून टाका. अक्षया मॅडमचा फोनही आला, तिचं म्हणणं हे काम पुन्हा सुरू करावं आणि प्रमुख म्हणून मी बघावं. मी म्हटलं, सर्वेशला विचारल्याशिवाय नाही. म्हणजे तसं म्हणणार आहे.

तू ये. एसटी स्टँडवर उतरलास की उजवीकडे तोच वडापाववाला आहे, फक्त वडा आता लिंबाएवढा झाला आहे. मी घ्यायला येईन.

उत्तर लिही. चार ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, मी त्या वाचून ठेवीन.

तुझा
अक्रम


लांजा
११ मार्च २०२५

सर्वेश,

तुझं कार्ड शमिकाने काउंटरवरून पुढे केलं. महिनाभर वाट बघितली आणि आली एक ओळ:

'वात रोज भरायचं काम कोणाचं होतं?'

बास. ना तारीख, ना सही. तुझी ही सवय मला माहीत आहे. यंत्र अडलं की तू असाच शांतपणे एक नट सैल करायचास आणि सगळा दोष बाहेर सांडायचा.

चार दिवस मी उत्तर लिहून फाडतो आहे. रमजान चालू आहे. रोजा सोडायला मी संध्याकाळी शेडमध्येच बसतो, एक खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन. खोलीवर गेलं तर भिंतीशी बोलावं लागतं. इथे निदान यंत्र गार होताना टकटक करतं. दिवसभर तोंडाला पाणी लावायचं नाही आणि त्याच हाताने खोटं लिहायचं, हे जमेना.

काम माझं होतं.

ठरलं होतं ते असं: मी सकाळी आठला यायचं, बाटली धुवायची, विहिरीचं गाळलेलं पाणी भरायचं, वात बोटाने चेपून बघायची आणि तक्त्यात सही करायची. मी पहिले चार दिवस आलो. मग थंडी पडली. मी यमुनाबाईला जाता जाता सांगितलं, सकाळी वात बघत जा. बाटलीत काय असतं, ती का भिजवायची, काही सांगितलं नाही. झाडूवाल्या बाईला विज्ञान काय सांगायचं, असं वाटलं असणार. नंतर मी साडेनऊला यायचो, खिडकीबाहेरूनच तापमापक वाचायचो आणि तक्त्यात लिहायचो: 'वात भरली, तपासली. अ.' एकोणऐंशी दिवस. एकोणऐंशी सह्या, आणि त्यातल्या पंच्याहत्तर खोट्या.

त्या वह्यांपैकी एक खोटी होती हे मी बरोबर बोललो होतो. कोणाची ते चुकलं.

अजून एक आहे. संस्थेला मी काय लिहिलं ते मागच्या पत्रात तुला सोयीपुरतं सांगितलं. त्यातलं वाक्य असं आहे: 'स्थानिक सफाई कामगाराच्या अज्ञानामुळे उपकरणात बिघाड झाला.' लिहिताना मला ते चांगलं, सरकारी वाक्य वाटलं. संस्थेने त्याची प्रत गंगारामशेठला पाठवली आणि शेठने यमुनाबाईला कामावरून थांबवलं. चोवीस वर्षं ती तिथे होती. जाताना तिने केरसुणी शेडच्या दाराला नीट टेकवून ठेवली, जशी रोज ठेवायची.

मी तेव्हा ऑफिसात होतो. काचेतून बघितलं. बाहेर आलो नाही.

अहवालातली ती ओळ अजून निघालेली नाही. त्यांना 'मूळ तपासणी तक्ते' हवे आहेत. म्हणजे माझ्या सह्या. तक्ते माझ्या कपाटात आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे. मी अजून पाठवलेले नाहीत.

अक्रम


लांजा
३१ मार्च २०२५

सर्वेश,

आज ईद. नमाज झाली, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मलाही तीन-चार मिळाल्या, वरवरच्या, परक्या माणसाला देतात तशा. महरीनने व्हिडिओवर नातवाचा नवा कुर्ता दाखवला. खालच्या हार्डवेअरवाल्याच्या बायकोने शीरखुर्मा पाठवला. तो खाल्ला आणि हे लिहायला बसलो. आता जे सांगणार आहे ते सांगून झालं की तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरणार नाही.

मागे मी लिहिलं होतं, तेलाचं परवा कळलं. ते परवा कळलेलं नाही.

तू गेलास २०२२च्या १९ एप्रिलला. त्यानंतर अठराव्या दिवशी, ईदेला चार दिवस झाले होते, मी तापमापक काढून ठेवत होतो. वात बोटाला बुळबुळीत लागली. वास घेतला. यमुनाबाईला हाक मारली आणि तिने मला सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं अगदी तसंच, त्याच शब्दांत. ती खूश होती. तिला वाटलं, मी शाबासकी द्यायला बोलावलं आहे.

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, "तुमच्या ह्या तेलापायी सर्वेश गेला! आता तोंडातून ब्र काढू नका, नाहीतर नोकरी जाईल." ती बाई तिथेच खाली बसली. मग मी बाटली धुतली, वात जाळली आणि घरी जाऊन जेवलो.

अहवाल तोवर गेलाही नव्हता. माझ्या टेबलावर होता, सहीसाठी. तेविसाव्या दिवशी मी त्यावर सही केली. तुझ्याबद्दलची ती ओळ खोटी आहे हे माहीत असताना.

का, ते तू विचारणार नाहीस, पण मी सांगतो. सह्या उघड्या पडतील ही भीती होतीच. 'अक्रमचं काम म्हणजे चोख,' हे ऐकत मी म्हातारा झालो, दुसरं काही कमावलं नाही. पण नुसती भीती असती तर मी महिन्या-दोन महिन्यांत बोललो असतो. खरं असं, की सगळे त्याला 'सर्वेशचं यंत्र' म्हणायचे. शेठ म्हणायचा, शमिका म्हणायची, महरीनसुद्धा. मी तो माणूस, जो बाजूला बसून आकडे लिहितो. तुझे आकडे खोटे निघाले असं मला वाटलं ना, त्या दिवशी मला दुःख झालं नव्हतं, सर्वेश. बरं वाटलं होतं. अठरा दिवस मला बरं वाटत होतं आणि ते सोडवेना. त्यानंतर एक दिवसही बरं वाटलं नाही, हे तुझ्या समाधानासाठी लिहितो.

गेल्या सोमवारी तक्ते पाठवले. सगळे. सोबत पत्र, त्यात दोन्ही तारखा, तेल कळल्याची आणि अहवालावर सही केल्याची. यमुनाबाईबद्दलचं वाक्य मागे घेतलं आणि लिहिलं की तिला जे सांगितलं गेलं ते तिने एक दिवस न चुकवता केलं, आणि सांगणारा मी होतो. अक्षया मॅडमने शनिवारी उत्तर धाडलं. अहवालातली ओळ रद्द, तुझ्या विजेच्या नोंदी ग्राह्य, यंत्राचा मूळ रचनाकार म्हणून तुझं नाव. प्रत सोबत जोडली आहे, तंत्रनिकेतनात दाखव. मला कळवलं आहे की या कामाशी माझा यापुढे संबंध नाही. शेडची किल्ली मी शेठकडे दिली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी तर खवखव तीन वर्षं पोसली. आता तरी घसा मोकळा होईल असं वाटलं होतं. तसंही काही झालेलं नाही.

काल यमुनाबाईच्या घरी गेलो. तिची वाडी हायवेपासून आत, चालत वीस मिनिटं. शेठने तिला परत बोलावलं आहे, ते सांगायला गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. ती पडवीत काजूच्या बिया वाळवत बसली होती. तिने पाणी पुढे केलं, मी रोजा आहे म्हणालो. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. काम माझं होतं, तुमची चूक नव्हती, आणि मला हे तेव्हाच माहीत होतं.

बिया चाळवता चाळवता ती म्हणाली, "तवापासना मी देवाफुडल्या दिव्यात हातान् तेल घातलेला नाय. सूनच घालते. माज्या तेलान् एका मानसाला घरादारातना उटवलान्, तो हात देवाला कसा लावू?"

मी म्हणालो, "अहो, तुमच्या तेलाने नाही. माझ्यामुळे."

"तुमी आता म्हनताव. तवा तुमीच म्हन्लाव, माज्या तेलापायी." तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, रागाला मी तयारी करून गेलो होतो. "आता कुठला खरा धरू, अक्रमभाय?"

ज्याने एकदा तिला खोटं सांगितलं त्याचं खरं ती का ऐकेल? मी शपथ घेतली असती तर ती मान हलवून गप्प बसली असती, आणि संध्याकाळी दिव्यात तेल सुनेनेच घातलं असतं.

तुझं मात्र ती ऐकेल. आजही ती 'सर्वेशभाऊ' म्हणताना पदर सावरते. तेव्हा मला तुझ्याकडे एकच गोष्ट मागायची आहे आणि ती माझ्यासाठी नाही. तिला दोन ओळी लिही. तू तिच्यामुळे गेला नाहीस, एवढंच. तुझ्या हातचं असलं म्हणजे झालं. शमिकाकडे पाठव, ती वाडीवर जाऊन वाचून दाखवेल, मी तिला विचारून ठेवलं आहे. विचारताना सगळं सांगावं लागलं. त्यानंतर मी गोळ्या दुसऱ्या दुकानातून घेतो.

त्या पत्रात माझं नाव आलं नाही तरी चालेल. मला वेगळं काही लिहू नकोस.

अक्रम